नदीकाठी तंबू लावायचा, पण किती वर?

केंद्रावर येणाऱ्या फोनांमध्ये अलीकडे एक प्रश्न सारखा येतोय. आमच्या गावाला डोंगर आहे, जंगल आहे, नदी आहे, शनिवार-रविवारी शहरातली माणसं गाड्या भरून येतात. मग आमच्या गटानं चार तंबू घेऊन मुक्कामाची जागा सुरू करावी का? याचं उत्तर द्यायला आम्हाला बोलावलं, कारण आम्ही तेच करतो. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका लहान नदीच्या काठी आमच्या गटाची जागा आहे. आठ तंबू, चुलीची एक पडवी, दोन संडास, एक न्हाणी. वीज नाही, आणि ती आणायची आम्हाला घाईही नाही.

सुरू करावी का, तर हो, करावी. तंबू कुठे मिळतात, जाहिरात कशी करायची, फोटो कसे काढायचे, हे तुम्हाला गावातला कोणताही कॉलेजात जाणारा पोरगा सांगेल. तंबू नेमका कुठे ठोकायचा हे मात्र त्याला माहीत नसतं. म्हणून आज आम्ही सगळ्यात जास्त वेळ त्यावरच घालवणार आहोत. स्वयंपाकाचं तुम्हाला आम्ही काय शिकवायचं!

पाहुण्याला काय हवं असतं ते आधी बघू. त्याला तंबू पाण्याला लागून हवा असतो. चेन उघडली की समोर नदी. आणि उन्हाळ्यात नदीकडे बघितलं तर तशी जागाही दिसते. वळणाच्या आतल्या बाजूला छान सपाट, मऊ वाळू पसरलेली असते, दगड टोचत नाहीत, खुंटी पटकन आत जाते. बघणाऱ्याला वाटतं, देवानं तंबूसाठीच ही जागा केली. पण ती जागा सपाट कुणी केली? नदीनंच केली. जिथे वाळू पसरली आहे तिथे नदी येऊन गेली आहे, आणि पुन्हा येणार आहे.

सरकारदरबारी मोठ्या नद्यांना पूररेषा आखलेल्या असतात. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर जातो ती लाल रेषा. जलसंपदा विभागाकडे त्यांचे नकाशे असतात. पण आपल्या डोंगरातल्या लहान नदीला, ओढ्याला कोण रेषा आखणार? ती आपल्यालाच आखावी लागते. आणि ते जमतं, कारण नदी आपल्या खुणा मागे ठेवून जाते.

काठाकाठानं चालत जा आणि झाडांच्या खोडांकडे बघा. करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज ही झाडं पाण्याजवळ असतातच. त्यांच्या फांद्यांच्या बेचक्यांत वाळलेलं गवत, काटक्या, प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या दिसतील. कुणी वर फेकलेल्या नाहीत त्या. पाणी तिथवर होतं. झुडपं एकाच बाजूला कललेली असतील तर ती प्रवाहानं दाबलेली आहेत. दगड बघा. डोंगरावरून सुटलेला दगड कोनाकोनाचा असतो, नदीनं घोळलेला गोटा गुळगुळीत. पायाखाली गोटे आहेत तोवर तुम्ही नदीच्या घरात आहात. खुणा बघून झाल्या की गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला हाताला धरून तिथे न्या आणि विचारा, तुम्ही नांदायला आल्यापासून पाणी कुठवर आलेलं बघितलं? आमच्याकडच्या आजींनी दाखवलेला दगड झाडावरच्या कचऱ्याच्याही दोन हात वर निघाला. आम्ही त्या दगडाला चुना फासला. तंबू त्याच्याही वर, जुन्या खाचराच्या पडक आवणात लावतो. तिथून पाण्याचा आवाज ऐकू येतो, पाणी मात्र दिसत नाही. पाहुणे कुरकुरतात. कुरकुरू देत.

हे सगळं पावसाळ्यात बघून ठेवायचं. श्रावणात एकदा छत्री घेऊन जा आणि नदी कुठवर आली आहे ते डोळ्यांनी बघा. मेमध्ये जागा निवडायला गेलात तर फसाल.

आता कुणी म्हणेल, आम्ही पावसाळ्यात धंदा बंदच ठेवणार आहोत, मग पुराची एवढी भीती कशाला? भीती आहे ती वळवाची. मे महिन्यात ऊन तापतं, दुपारनंतर ढग जमतात आणि एखाद्याच डोंगरावर तासभर पाऊस कोसळतो. शेजारच्या गावात धूळ उडत असते. तुमच्या तंबूवर थेंबही नाही, वर चांदणं आहे, आणि पाणी मात्र पाच-सहा किलोमीटर वरच्या माथ्यावर पडून गेलेलं आहे. आपल्या सह्याद्रीचे कडे काळ्या दगडाचे, त्यावर माती पातळ, उतार उभा. पाणी मुरायला जागाच नाही. दहा ओढ्यांचं पाणी एका नदीत येतं आणि नदी अरुंद.

किती पाणी, याचा हिशेब आम्ही एकदा बचत गटाच्या वहीत मांडला. एक किलोमीटर लांब आणि एक किलोमीटर रुंद एवढ्या डोंगरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे चार बोटांपेक्षाही कमी, तर ते पाणी होतं ५ कोटी लिटर. आपल्याकडे उन्हाळ्यात येतो तो दहा हजार लिटरचा टँकर धरा. असे ५ हजार टँकर. त्यातलं निम्मं मुरलं असं धरलं तरी अडीच हजार टँकर उरतात, आणि ते एकाच रस्त्यानं खाली येतात.

नदी वाढणार असेल तर थोडा इशारा देते. नितळ पाणी गढूळ होतं. पालापाचोळा, काटक्या वाहत येतात. आवाज बदलतो, खळखळ जाऊन खालच्या पट्टीतली गुरगुर सुरू होते. वरून एकदम गार वारा येतो, ओल्या मातीचा वास येतो. यातलं एक जरी दिसलं तरी कपडे, भांडी, चपला, मोबाईल काही गोळा करायचं नाही, माणसं वर काढायची. पलीकडच्या काठाला कुणी असेल तर त्यानं तिकडेच उंचावर जायचं, अलीकडे यायची धडपड करायची नाही. घोट्याच्या जरा वर असलेलं, सहा इंचाचं पाणीसुद्धा वेगात असेल तर धडधाकट माणसाचे पाय सुटतात. ३० जून २०२४ ला लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यात लहान मुलं होती. ते सगळे एकमेकांना घट्ट धरून उभे होते.

तुमची नदी धरणाच्या खाली असेल तर आणखी एक गोष्ट. तिथे पाऊस नसतानाही पाणी वाढतं. कोलाडला कुंडलिका नदीत रबरी होड्या चालतात त्या अशाच, वीज तयार करून झाल्यावर सोडलेल्या पाण्यावर. सकाळी पाणी सुटलं की नदी भरते, ते ओसरलं की होड्या थांबतात. आमच्या तालुक्यात भंडारदऱ्याचं धरण १९२६ सालचं. खालच्या शेतीसाठी आवर्तन सुटलं की ऐन उन्हाळ्यात प्रवरा दुथडी वाहताना आम्ही लहानपणापासून बघतो. तेव्हा धरणाखालच्या गटांनी पाटबंधाऱ्याच्या शाखा कार्यालयात जाऊन आवर्तनाच्या तारखा लिहून घ्यायच्या आणि तिथल्या माणसाचा फोन नंबर पडवीच्या भिंतीवर रंगवायचा. भोंगा वाजतो म्हणतात, पण वळणापलीकडे तो ऐकू येईलच असं नाही.

आता पैशाचं दुखणं सांगतो. आमच्याकडे सगळ्यात जास्त पाहुणे येतात ते काजवे बघायला. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर हजारो काजवे एका लयीत पेटतात आणि विझतात, अख्खं झाड श्वास घेतंय असं वाटतं. वर्षाच्या कमाईतला मोठा वाटा या तीन आठवड्यांत येतो. आणि वळीवही याच तीन आठवड्यांत येतो. काजव्यांना ओल लागते, म्हणून तर ते तेव्हा निघतात. कमाई आणि धोका एकाच दिवसात येतात, त्यांची फारकत करता येत नाही.

एका वर्षी शहरातल्या एका आयोजकाने आम्हाला सगळे शनिवार-रविवार भरून देतो म्हणून सांगितलं. अट एकच, तंबू वाळूवर लावायचे, कारण फोटोत नदी दिसली पाहिजे. आम्ही नाही म्हटलं. घरात बोलणी खाल्ली. गटातच दोन बैठका भांडणात गेल्या, कारण कुणाच्या मुलीची फी भरायची होती, कुणाची म्हैस आजारी होती, आणि समोर रोख पैसा दिसत होता. तो आयोजक पाहुणे घेऊन दुसऱ्या गावात गेला. त्या वर्षी त्या वाळूवर पाणी आलं नाही. महिनाभर ती कोरडीच राहिली आणि लोक आम्हाला हसले. आमचं खरं ठरलं असं सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि घडलं नाही याचंच बरं वाटतं. पण तंबू अजूनही चुन्याच्या दगडाच्या वरच आहेत. मृग लागला, म्हणजे ७-८ जून आली, की आम्ही मुक्काम बंद करतो. काजवे अजून आठवडाभर असतात. तेव्हा येणाऱ्यांना गावातल्या घरांत झोपवतो, ओसरीवर, गोधडी देऊन. माणसं कमी मावतात, पैसे कमी मिळतात.

काजव्यांबद्दल पाहुणे फार विचारतात, म्हणून तेवढं माहीत असू द्या. काजव्याच्या पोटाच्या टोकाला ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. त्याचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग झाला की उजेड पडतो, पण तो गरम नसतो. दिव्यासारखं बोट भाजत नाही. उडणारा काजवा बहुतेक नर असतो. मादी खाली, गवतावर किंवा पानावर बसून उत्तर देते. हे त्यांचं लग्न जमवणं असतं हो! मध्येच गाडीचा दिवा किंवा मोबाईलची बॅटरी पडली की खूण दिसत नाही, मग जोडी जुळत नाही. आणि झाडाखाली गवतात पन्नास माणसं फिरली की खालच्या माद्या चिरडतात. म्हणून आम्ही गाड्या गावच्या पारापाशीच थांबवतो, बॅटरीच्या काचेला लाल कागद बांधतो, आणि पायवाट सोडून कुणाला जाऊ देत नाही. बाटलीत काजवे भरणाऱ्या पोरांना आम्ही रागावतो. आईबापांना ते आवडत नाही.

विजेचं विसरू नका, वळीव म्हणजे वीज आलीच. कापडी तंबू विजेपासून वाचवत नाही, त्याच्या दांड्या तर बऱ्याचदा धातूच्या असतात. झाडाखालीही जायचं नाही. चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. तीसच्या आत ऐकू आला तर वीज जवळ आहे. सगळ्यांना पक्क्या घरात किंवा गाडीत बसवा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या हवामान संस्थेनं केलेलं ‘दामिनी’ नावाचं ॲप मोबाईलवर ठेवता येतं. त्यात आसपास वीज पडण्याचा इशारा मिळतो. पण आमच्याकडे रेंज एका टेकाडावरच येते. म्हणून दुपारी चारला आमच्यातली एक जण तिथे जाऊन आभाळ आणि मोबाईल दोन्ही बघून येते. त्या कामाचीही मजुरी धरतो.

सापांचं म्हणाल तर नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार विषारी, तुम्ही ओळखताच. तंबूवाल्यांनी मण्यारीला जास्त जपायचं. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावा दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. पाहुण्याला वाटतं जेवण बाधलं. असं दिसलं की घरगुती उपायात वेळ न घालवता १०८ ला फोन आणि थेट ग्रामीण रुग्णालय. आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, आणि माणसाला चालवायचं नाही. आमच्याकडे तंबूची चेन दिवसरात्र बंद ठेवायचा नियम आहे, बूट आत, खरकटं लांब. खरकट्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. विंचू चावला तरी हसण्यावारी नेऊ नका. लाल विंचवाच्या दंशानं कोकणात पूर्वी कितीतरी माणसं, विशेषतः मुलं जायची. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे औषध वापरून असंख्य जीव वाचवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. औषध आहे, पण ते दवाखान्यात आहे, आणि तिथे लवकर पोचावं लागतं.

चुलीसाठी नदीतले गोटे आणू नका. त्यांच्या बारीक भेगांत पाणी असतं, तापलं की वाफ होते आणि दगड फुटतो. शेकोटीभोवती बसलेल्यांच्या डोळ्यांत कपची जाते. कोरडा, वरच्या रानातला दगड घ्या, किंवा आमच्यासारखी मातीची चूल लिंपा. शेकोटी एकच, सगळ्यांची मिळून, चहूबाजूंनी गवत खरवडून. रात्री पाणी ओतून, राख हातानं चाचपून मगच झोपायचं. फेब्रुवारीपासून रान कोरडं असतं आणि वणवा लागला तर आपलीच गुरं उपाशी मरतात.

संडास पाण्यापासून दोनशे फुटांवर हवा, वरच्या अंगाला झरा किंवा विहीर असेल तर तीही बघा. आम्ही दोन खड्ड्यांचा केला. एक भरला की दुसरा सुरू, पहिला वर्षभर झाकून ठेवला की त्याचं खत होतं. भांडी नदीत घासू देत नाही. साबणाचं पाणी केळीच्या आळ्यात सोडतो. नदीचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी प्यायचं ते उकळून, कारण खाली राहणाऱ्या गावाला जसे आपण वरचे, तसंच आपल्या वरही कुणीतरी आहे.

जमीन कुणाची, हे तंबू घेण्याआधी तपासा. सातबारा कुणाच्या नावावर आहे, जागा गायरान आहे की वनखात्याची, हे तलाठ्याकडे कळतं. नदीचं पात्र सरकारचं असतं. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम आणि जाळ दोन्ही चालत नाही. आमच्याजवळ कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, म्हणून आम्ही मालकीच्या जमिनीवरच राहिलो. तुमच्या गावाला २००६ च्या कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर बोलणी ग्रामसभेत करा, आणि ठराव लेखी घ्या. पाहुण्यांची नावं, ओळखपत्रं वहीत उतरवा. दारू चालणार नाही हे पैसे घेण्याआधी सांगा, रात्री दहाला सांगून कुणी ऐकत नाही. मुक्कामाच्या रात्री आमच्यातल्या तिघी पडवीत झोपतात, एकट्या बाईला कधीच ठेवत नाही.

हिशेबात एक चूक बहुतेक गट करतात. सामानाचा खर्च वजा करतात, उरलेलं वाटून घेतात, आणि पहाटे चारला उठून थापलेल्या भाकरींची मजुरी कुणी धरतच नाही. मजुरी आधी, नफा नंतर. नाचणीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, खुरासणीची चटणी, वरईचा भात हे आपल्याला साधं वाटतं, पण ते पिकवणारी, कांडणारी, रांधणारी बाई फुकट नाही. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे याच आमच्या तालुक्यातल्या. त्यांनी गावठी बियाणं जपलं म्हणून आज कितीतरी घरांत जुने वाल, जुने भात आहेत. पाहुण्याला पनीर देऊ नका, तो ते शहरात खातोच. कर्ज काढणार असाल तर राज्याच्या पर्यटन विभागाचं २०२३ सालचं महिलांसाठीचं ‘आई’ धोरण आहे. त्यात पर्यटन व्यवसायाच्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा मिळू शकतो. अटी पर्यटन संचालनालयाच्या कार्यालयात जाऊन नीट विचारा. पण पहिल्या वर्षी चार तंबूंच्या पुढे जाऊ नका.

मृगाला तंबू उतरवले की दोन दिवस उन्हात उलटे करून वाळवायचे, आणि ऊन नसेल तर चुलीच्या वरच्या माळ्यावर, धूर लागणार नाही अशा बाजूला. ओला तंबू घडी केला तर आठ दिवसांत बुरशी धरतो, मग कितीही धुवा, वास जात नाही. खुंट्या मोजून डब्यात, दोऱ्यांच्या गाठी सोडून, कडुनिंबाचा पाला घालून. दगडावरचा चुना पावसात धुऊन जातो. तो दसऱ्याच्या आधी पुन्हा लावायचा.